गावातले लोक कामाला जातात कुठे? सरकारी आकड्यांतून शोधायची रीत

२०११च्या जनगणनेत प्रगणकाने कामाला जाणाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारले होते: कामाची जागा घरापासून किती किलोमीटरवर, आणि तिथे जाता कशाने. कुठे जाता, हे विचारलंच नव्हतं. त्यामुळे ठाणे जिल्ह्यातून किती माणसं तीस-चाळीस किलोमीटर लांब जातात ते कळतं, पण ती फोर्टला जातात, पवईला की तळोजाला, ते जनगणनेच्या तक्त्यात नाही.

अमेरिकेत जनगणना खात्याचं 'ऑनदमॅप' नावाचं साधन आहे. नकाशावर गावाभोवती रेघ ओढली की बाहेरून किती जण कामाला येतात, गावातले किती बाहेर जातात आणि किती जण राहून तिथेच काम करतात, हे तीन आकडे समोर येतात. बेरोजगारी विम्यासाठी मालकांना दर तिमाहीला पगाराच्या नोंदी द्याव्या लागतात, त्यांवर ते उभं आहे. आपल्याकडे असं एका जागी काही नाही. दोन-तीन खात्यांचे आकडे समोरासमोर ठेवून तेच उत्तर अंदाजाने काढावं लागतं. एसटीची फेरी मागणारी ग्रामपंचायत, प्रकल्प करणारा विद्यार्थी, कॅन्टीन टाकू पाहणारा उद्योजक किंवा स्थानिक पत्रकार, कोणालाही एक्सेल येत असेल तर हे जमतं.

उदाहरणासाठी मी जुना, म्हणजे पालघर वेगळा होण्याआधीचा, ठाणे जिल्हा घेतो. तिथे मुंबईला जाणारी लोकल आहे, तारापूर आणि अंबरनाथच्या एमआयडीसी आहेत, भिवंडीचे यंत्रमाग आणि गोदामं आहेत, आणि जव्हार-मोखाड्याचे हंगामी मजूरही आहेत. सगळ्या अडचणी एकाच जिल्ह्यात भेटतात.

आधी एकच गोष्ट तपासा: माणूस घराशी मोजलाय की कामाशी?

कुठलाही रोजगाराचा आकडा हातात आला की पहिला प्रश्न हाच. जनगणना माणसाला त्याच्या घरी मोजते. बदलापुरात राहून अंधेरीत नोकरी करणारी बाई जनगणनेत बदलापूरची 'काम करणारी' असते. आर्थिक गणना उलट करते. ती दुकानं, कारखाने, कार्यालयं मोजते आणि तिथे किती जण कामाला आहेत ते लिहिते. तीच बाई तिथे अंधेरीच्या खात्यात जमा होते.

हे दोन आकडे एकाच अर्थाने वापरले की निष्कर्ष पार उलटा निघतो. 'आमच्या तालुक्यात एवढे नोकरदार आहेत, म्हणजे रोजगार भरपूर आहे' हे वाक्य मी अहवालांत आणि भाषणांत इतक्यांदा वाचलं-ऐकलंय की आता त्यामागचा तक्ता न बघताही तो घराशी मोजलेला असणार हे कळतं. दोन्ही आकडे वेगळे धरले, तर त्यांच्यातला फरकच ये-जा सांगतो.

पहिली पायरी: पीसीए

सेन्ससइंडिया डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर 'सेन्सस टेबल्स'मध्ये जा आणि 'प्रायमरी सेन्सस अॅबस्ट्रॅक्ट' शोधा. सगळे त्याला पीसीए म्हणतात. महाराष्ट्राचा संकेतांक २७, ठाण्याचा ५१७. ही फाइल गावापर्यंत आणि शहरात प्रभागापर्यंत उतरते, म्हणून सुरुवात इथून.

काम करणारे इथे दोन प्रकारचे असतात. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम मिळालेले ते मुख्य, त्याहून कमी मिळालेले ते सीमांतिक. दोघांचीही पुढे चार गटांत वाटणी होते: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि 'इतर'. या 'इतर'मध्ये शिक्षक, कारखान्यातला कामगार, रिक्षावाला, दुकानदार, धुणीभांडी करणारी बाई, बँकेचा मॅनेजर सगळे येतात. देशभरात २०११ला असे सुमारे २० कोटी 'इतर' होते, म्हणजे एकूण काम करणाऱ्यांपैकी ४१.६ टक्के. स्तंभाचं नाव मुख्यसाठी 'मेन_ओटी_पी', सीमांतिकसाठी 'मार्ग_ओटी_पी'. शेवटचा 'पी' म्हणजे व्यक्ती. त्या जागी 'एम' आणि 'एफ' असले की पुरुष आणि स्त्रिया.

फाइल उघडल्यावर लगेच बेरीज मारू नका. त्याच यादीत जिल्ह्याची ओळ असते, तालुक्याची असते, गावाची असते, शहराची आणि त्याच्या प्रभागांचीही असते. शिवाय प्रत्येकाची एकूण, ग्रामीण, नागरी अशी फोड. 'लेव्हल'च्या स्तंभावर फिल्टर न लावता केलेली बेरीज कित्येक पटींनी फुगते. आधी फक्त तालुक्यांच्या 'एकूण' ओळी ठेवा आणि त्यांची बेरीज जिल्ह्याच्या ओळीशी जुळते का बघा. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ आली पाहिजे. ती आली की फाइल नीट वाचली गेली.

आता प्रत्येक गावासाठी 'इतर' भागिले एकूण काम करणारे. तारापूर एमआयडीसीभोवतीची सरावली, पास्थळ, सालवड यांचं हे गुणोत्तर आणि मोखाड्याच्या कुठल्याही पाड्याचं शेजारी ठेवा. जिल्ह्यात दोन वेगळे देश आहेत असं वाटेल. हाच हिशेब २००१च्या फाइलवर केला की कुठली गावं दहा वर्षांत शेतीतून बाहेर पडली तेही दिसतं. गाव यादीत सापडत नसेल तर शहरांच्या यादीत बघा. बोईसरला कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या लेखी ते 'सेन्सस टाउन' आहे. किमान ५,००० लोकवस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, या तीन कसोट्या उतरल्या की जनगणना त्या गावाला शहर म्हणते. या कसोटीला नुकतीच उतरलेली गावं म्हणजे बहुतेकदा ये-जा करणाऱ्यांचीच गावं.

दुसरी पायरी: बी-२८, आणि इथे वेळ द्या

'इतर काम करणाऱ्यांचं घरापासून कामाच्या जागेपर्यंतचं अंतर आणि प्रवासाचं साधन' असा हा तक्ता, क्रमांक बी-२८. एका बाजूला अंतराचे गट: प्रवास नाही, ०-१, २-५, ६-१०, ११-२०, २१-३०, ३१-५० आणि ५१च्या वर. दुसऱ्या बाजूला साधनं: पायी, सायकल, दुचाकी, मोटार, टेम्पो-रिक्षा-टॅक्सी, बस, रेल्वे, जलवाहतूक आणि इतर. सगळ्याचे पुन्हा पुरुष-स्त्री आणि ग्रामीण-नागरी असे भाग.

रेल्वेचं अंतर पाठ असलेल्या माणसाला हा तक्ता जास्त बोलतो. ठाण्याहून दादर साधारण २५ किलोमीटर, म्हणजे २१-३०च्या गटात. ठाण्याहून सीएसएमटी ३४, डोंबिवलीहून ४८, दोघंही ३१-५०मध्ये. कल्याणहून सीएसएमटी मात्र ५४, तो ५१च्या वरच्या गटात. म्हणजे एकाच गाडीतले, एकाच ठिकाणी उतरणारे लोक तक्त्यात दोन गटांत पडतात. विरार-चर्चगेट ६०, पण विरार-अंधेरी ३८. त्यामुळे वसई-विरारकडच्या माणसाचा गट तो बोरिवलीच्या पुढे कुठवर जातो यावर ठरतो. रेल्वेच्या स्तंभात २१-३०, ३१-५० आणि ५१+ या तिघांचं आपसातलं प्रमाण बघितलं की मुंबईचा कुठला भाग माणसं ओढतोय याचा अंदाज येतो. न विचारलेल्या 'कुठे' या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारी हीच वाट. अर्थात अंतर लोकांनी तोंडी सांगितलेलं आहे, म्हणून गटांच्या कडेला चुकभूल धरायची.

सरासरी अंतर काढायचा मोह होतो. आधी मध्यक गट काढा, म्हणजे सगळ्यांना अंतराच्या क्रमाने लावल्यावर मधला माणूस ज्यात येतो तो गट. हिशेब दाखवण्यापुरते काल्पनिक आकडे घेतो. समजा प्रवास करणारे १,००० जण: ०-१मध्ये २६०, २-५मध्ये ३००, ६-१०मध्ये १५०, ११-२०मध्ये ११०, २१-३०मध्ये ७०, ३१-५०मध्ये ७० आणि ५१च्या वर ४०. पाचशेवा माणूस २-५ किलोमीटरच्या गटात सापडतो. म्हणजे 'सामान्य' कामगार जवळच जातो. पण प्रत्येक गटाचा मधला आकडा धरून (५१च्या वर ६० धरून) माणसं गुणिले किलोमीटर केलं, तर एकूण ११,१०५ माणूस-किलोमीटर होतात. त्यांतले ७,०२० त्या शेवटच्या तीन गटांतल्या १८० जणांचे. अठरा टक्के माणसं, त्रेसष्ट टक्के प्रवास. फूटपाथ कुठे हवा हे पहिल्या आकड्यावरून ठरवायचं, लोकलच्या फेऱ्या दुसऱ्यावरून. एकच सरासरी सांगून दोन्ही प्रश्न मिटवणाऱ्या अहवालावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

पायी जाणाऱ्यांचा स्तंभ वगळू नका. देशभरातल्या २० कोटी 'इतर'पैकी सुमारे १४ कोटी कामासाठी प्रवास करत होते आणि त्यांतले साधारण एक तृतीयांश पायी. स्त्रियांच्या ओळी वेगळ्या काढा. जवळचे गट, पायी आणि बस यांतला त्यांचा वाटा पुरुषांशी ताडून बघा. रायगडचा तक्ता उघडलात तर जलवाहतुकीचा स्तंभही पाहा. मांडवा-गेटवे लाँच तेव्हाही होत्या, गाड्याही नेणारी रो-रो बोट मात्र २०२०मध्ये आली.

आता या तक्त्याच्या चार उणिवा. पहिली, तो जिल्ह्याच्या पातळीवर आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला, म्हणून २०११चं 'ठाणे' म्हणजे पंधरा तालुके. पीसीएमधून वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे आठ तालुके जोडून आजचा पालघर बनवता येतो, बी-२८मधून नाही.

दुसरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले यांना प्रवासाचा प्रश्न नव्हताच. टेम्पोत बसून वीस किलोमीटरवरच्या वाडीत कामाला जाणारी बाई या तक्त्यात नाही.

तिसरी उणीव हंगामाची. गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारी २०११. जव्हार-मोखाड्याची कुटुंबं त्या दिवसांत वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर असतात. जे तिथे मोजले गेले, त्यांचं घर म्हणजे भट्टीवरची झोपडी, आणि अंतर 'प्रवास नाही' किंवा ०-१. शंभर किलोमीटरवरून आलेला माणूस कागदावर घरच्या घरी काम करताना दिसतो.

चौथी, वय. तक्ता पंधरा वर्षं जुना आहे. डहाणूपर्यंत लोकल एप्रिल २०१३मध्ये पोचली, मुंबईची पहिली मेट्रो जून २०१४मध्ये, अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये. साधनांच्या वाट्याबद्दल बोलताना वर्ष लिहिल्याशिवाय एकही वाक्य लिहू नका.

तिसरी पायरी: आर्थिक गणना समोर ठेवा

सहावी आर्थिक गणना २०१३-१४मध्ये झाली. देशभरात ५.८५ कोटी आस्थापना आणि त्यांत सुमारे १३.१ कोटी माणसं. सातवीचं क्षेत्रकाम झालं, पण निकाल बाहेर आले नाहीत, त्यामुळे सहावीवरच भागवावं लागतं. जिल्हानिहाय तक्ते सांख्यिकी मंत्रालयाच्या आणि राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या संकेतस्थळांवर मिळतात. एकेका आस्थापनेची सुटी नोंद हवी असेल तर मायक्रोडेटा डॉट गव्ह डॉट इनवर नाव नोंदवून उतरवता येते, फुकट.

गुणोत्तर सोपं आहे: आर्थिक गणनेतली कामावरची माणसं भागिले जनगणनेतले 'इतर' अधिक 'घरगुती उद्योग'. पण उत्तर एकच्या वर की खाली यावरून निवाडा करू नका. आर्थिक गणनेत पीक-शेती नाही, सरकारी प्रशासन आणि संरक्षणही नाही, वर्षंही वेगळी. म्हणून एका जिल्ह्याचं गुणोत्तर एकटं काही सांगत नाही. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे आणि रायगड यांची चारही काढा आणि क्रम लावा. चौघांनाही तीच कसर लागू आहे, त्यामुळे क्रम बराच विश्वासाचा. वर असलेला जिल्हा माणसं ओढतो, खाली असलेला पाठवतो. सरकारी कार्यालयांची गर्दी असलेलं मुंबई शहर या हिशेबात खरं तर कमीच दिसतं, हेही लक्षात असू द्या.

गावपातळीवरही हेच करता येतं. गावात पीसीएप्रमाणे 'इतर' भरपूर आणि आर्थिक गणनेप्रमाणे कामाच्या जागा थोड्या, तर लोक बाहेर जातात. उलट असेल तर बाहेरचे येतात. मग 'डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक'चा भाग अ उघडा. गावात बस येते का, रेल्वे स्टेशन किती लांब, जवळचं शहर कोणतं, हे गावनिहाय तिथे आहे. सोय गावात नसेल तर ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० आणि १०च्या पुढे अशी अक्षरं असतात. बाहेर जाणारे जास्त आणि बस १० किलोमीटरच्या पुढे अशी गावं चाळून काढलीत तर एसटीकडे न्यायची यादी तयार झालीच म्हणून समजा.

ताजे आकडे कुठून आणायचे

पीएलएफएस, म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, एप्रिल २०१७पासून चालू आहे. जानेवारी २०२५पासून त्याची रचना बदलली. नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक झाला आणि मे २०२५पासून मासिक आकडे येऊ लागले. यावरून लगेच 'आमच्या जिल्ह्याचा बेरोजगारी दर' काढू नका. नमुना वर्षाला सुमारे २.७२ लाख कुटुंबांचा. तो देशभरातल्या जिल्ह्यांत वाटला की सरासरी एका जिल्ह्याला काही शे घरं येतात. त्यावर राज्याचं चित्र उभं राहतं, तालुक्याचं नाही. सुट्या नोंदी वापरायच्या तर गुणक (नमुन्यातलं एक घर किती घरांच्या जागी धरायचं तो आकडा) लावल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही. त्यात कामाच्या जागेचाही प्रश्न आहे: स्वतःचं घर, मालकाचं घर, रस्त्यावरची ठरलेली जागा, की ठरलेली जागाच नाही. राज्यात घरूनच काम करणाऱ्या बाया किती हे बघायला तो उत्तम.

वेळ हवी असेल, अंतर नको, तर २०१९चं आणि २०२४चं वेळ-वापर सर्वेक्षण पाहा. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदी आणि त्यांत कामासाठीच्या प्रवासाला स्वतंत्र संकेतांक.

ईपीएफओ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की कुठल्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला ते दिसतं. एमआयडीसीतला कारखाना चालू आहे की नुसती पाटी उरली, हे तपासायला याहून सोपं काही नाही. मात्र कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या नावावर असतात आणि ठेकेदाराचं कार्यालय भलत्याच शहरात. पत्ता म्हणजे कामाची जागा असं इथे धरायचं नाही. सरकारच्या 'वाहन' या वाहननोंदणीच्या डॅशबोर्डवर आरटीओनिहाय दुचाक्यांची नोंदणी मिळते, वसईसाठी एमएच-४८, कल्याणसाठी एमएच-०५. कल बघण्यापुरतं ते ठीक आहे.

जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' मराठीतूनही मिळतं आणि लोक ते उगाच दुर्लक्षित ठेवतात. कारखाने, वाहनं, एसटी, बँका सगळं एका पुस्तिकेत. मुंबई महानगर प्रदेशात असाल तर एमएमआरडीए या तिथल्या विकास प्राधिकरणाचा सर्वंकष वाहतूक अभ्यास, इतर शहरांत महापालिकेचा सर्वंकष गतिशीलता आराखडा शोधा. 'कुठून कुठे' हा प्रश्न घरोघर जाऊन विचारलेला तुम्हाला बहुधा तिथेच सापडेल.

आणि जे छापलेलं नाही ते मागा

'कुठून कुठे'ची सर्वांत नेमकी नोंद पाहणीत नाही, तिकिटांत आहे. रेल्वेच्या मासिक पासावर दोन्ही स्टेशनांची नावं असतात. एसटीच्या वाहकाचं तिकीट मशीन चढण्या-उतरण्याचा टप्पा साठवतं. दोन्ही माहिती अधिकारात मागता येतं.

रेल्वेचा अर्ज केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर. एसटीचा राज्याच्या नियमांप्रमाणे: एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. दोन्हीकडे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'प्रवाशांची माहिती द्यावी' असं मोघम लिहिलंत तर मोघम नकार येतो. नेमकं लिहा: 'जून महिन्यात बोईसर स्थानकातून काढलेल्या द्वितीय वर्गाच्या मासिक पासांची गंतव्य स्थानकनिहाय संख्या'. एसटीसाठी बोईसर आगार, ठरावीक मार्ग, सकाळी सहा ते नऊमधल्या फेऱ्या आणि टप्पानिहाय तिकीटसंख्या. नावं, मोबाइल क्रमांक मागू नका. त्या कारणावरून अख्खा अर्ज फेटाळला जातो. माहिती जशी आहे तशी, एक्सेलमध्ये मागा. छापील पानांची प्रत दोन रुपयाला एक पडते आणि पुन्हा टाइप करत बसावं लागतं ते वेगळंच.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेने होते आहे. तोवर हातातल्या तक्त्यात प्रत्येक गावाशेजारी २०११चा सहा अंकी संकेतांक आणि लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी या सरकारी गाव-यादीतला आजचा संकेतांक असे दोन स्तंभ भरून ठेवा. डिरेक्टरीच्या यादीत दोन्ही शेजारी-शेजारी मिळतात. नवे आकडे आले की गावांची नावं जुळवायला बसावं लागणार नाही. 'सरावली' नावाची गावं एकाहून जास्त आहेत.